गाडीचे मागचे शॉकप, स्प्रिंग आणि पाटे घरीच बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मेकॅनिक नाही, कास्तकार आहे. गाव वर्धा जिल्ह्यात, डांबरी रस्त्यापासून बरंच आत. चांगलं गॅरेज तालुक्याला. तिथे गाडी लावली की "उद्या या" ऐकण्यात दोन दिवस जातात, आणि सोयाबीन काढणीच्या तोंडावर दोन दिवस कुणाकडे नसतात. म्हणून माझी २०१२ ची वॅगन आर आणि जवाईबुवांची बोलेरो, या दोन्हींची मागची कामं आम्ही अंगणातच करतो. आजूबाजूचे लोक जे विचारत असतात, ते इथे एकत्र केलं आहे.

गाडी मागून बसली आहे. शॉकप बदलू की स्प्रिंग?

गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. शॉकपचं काम त्या स्प्रिंगचं झुलणं आवरणं, एवढंच. त्यामुळे बसलेल्या गाडीला नवे शॉकप टाकले तर गाडी बसलेलीच राहते आणि खिसा हलका होतो. उंची बरोबर आहे पण खड्ड्यातून निघाल्यावर मागचा भाग दोन-तीनदा डोलतो, तर मात्र शॉकप गेले. मागच्या कोपऱ्यावर अंगाचा भार टाकून गाडी दाबा आणि सोडा. वर येऊन थांबली तर शॉकप जिवंत, हिंदकळत राहिली तर मेला. शॉकपच्या नळीवर तेल येऊन त्यावर धुळीचा चिकट थर बसला असेल तर दाबून बघायचीही गरज नाही.

उंची डोळ्यांनी ठरवू नका, टेप घ्या. सपाट जागी चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा, दोन्ही बाजूंनी, आणि आकडे लिहून ठेवा. जमिनीपासून मोजलं तर टायरची हवा हिशोबात घुसते. एका बाजूला बोटभर कमी असेल तर त्या बाजूची स्प्रिंग तुटलेली असू शकते. शेवटचा वेढा चिखलाखाली मोडतो आणि महिनोन्‌महिने कळत नाही.

आणि मोजायच्या आधी डिकी रिकामी करा. आमच्याकडे एकाने "गाडी बसली" म्हणून स्प्रिंगा मागवल्या. बसवायच्या दिवशी डिकी उघडली तर आत युरियाची ४५ किलोची गोणी, पंधरा दिवसांपासून.

माझ्या गाडीला मागे नेमकं काय आहे, कसं ओळखू?

गाडीखाली डोकं घालून बघा. पट्ट्यांचा थर दिसला तर पाटे: बोलेरो, जुनी ऑम्नी. गोल स्प्रिंग एकीकडे आणि शॉकप वेगळा दिसला तर घरी करण्यासारखं काम: अल्टो, जुनी वॅगन आर, स्विफ्ट, डिझायर या वर्गातल्या गाड्या. स्प्रिंगच्या पोटातूनच शॉकप गेला असेल तर थांबा. ती स्प्रिंग कायम दाबलेली असते आणि उघडायला स्प्रिंग दाबायचं खास हत्यार लागतं. तारेने, साखळीने बांधून दाबायचे उद्योग मी पाहिले आहेत. सुटलेली स्प्रिंग जबडा फोडते. पूर्ण जोडणी सोडवून गॅरेजला न्या, स्प्रिंग तिथे बदलून घ्या आणि घरी येऊन बसवा. त्यात कमीपणा काही नाही.

कडक स्प्रिंग टाकली की जास्त पोती नेता येतील ना?

नाही. गाडी वाकलेली दिसणार नाही, एवढाच फरक. टायर, बेअरिंग, ब्रेक, एक्सल (दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा) सगळं तेच राहतं. टायरच्या बाजूला मापानंतर जो आकडा असतो तो बघा. ७९ असेल तर त्या एका टायरची मर्यादा ४३७ किलो, ८२ असेल तर ४७५. स्प्रिंग बदलल्याने तो आकडा बदलत नाही.

दुसरं, "थोडी जाड तार" ही भाषा फसवी आहे. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. बाकी माप तेच ठेवून ११ मिलीमीटरच्या जागी १२ ची तार आली तर स्प्रिंग जवळजवळ ४२ टक्के कडक होते. रिकाम्या गाडीत मागे बसलेल्या आजीला हा हिशोब पहिल्याच गतिरोधकावर कळतो. गाडीत नेहमी सीएनजीचं सिलिंडर असेल किंवा रोज संत्र्याचे क्रेट जात असतील तर थोडी वरच्या ताकदीची स्प्रिंग ठीक. वर्षातून दहा दिवसांच्या ओझ्यासाठी उरलेले दिवस हाडं खिळखिळी करून घेऊ नका. त्या दहा दिवसांसाठी छोटा हत्ती भाड्याने सांगा.

आणि स्प्रिंग कापून किंवा गॅसने तापवून बसवणं हा विषयच नको. कापलेली स्प्रिंग कडक होते आणि खराब रस्त्यावर जागेवरून उडते. तापवलेलीचं पाणी, म्हणजे पोलादाचा कणखरपणा, उतरतं.

वेढ्यांत बसवायचे रबर बफर आणि स्प्रिंगखालचे स्पेसर (उंची वाढवणाऱ्या चकत्या) कसे आहेत?

बफरने एक-दोन वेढे दबायचे थांबतात, म्हणून स्प्रिंग कडक लागते. तात्पुरता उपाय म्हणून चालतो. पण आपल्याकडे त्या रबराखाली काळी माती जाऊन बसते, ओली राहते, आणि स्प्रिंग तिथेच गंजते. मी एक हंगाम वापरले आणि काढले. स्पेसरने गाडी उचलली जाते पण शॉकपची लांबी तीच राहते. खड्ड्यात चाक खाली लटकलं की शॉकप पूर्ण ताणला जाऊन "टक्क" वाजतो. २० मिलीमीटरच्या वर जाऊ नका, असं माझं मत.

कंपनीचाच माल घ्यावा की बाहेरचा चालतो?

बाहेरचा चालतो. गॅब्रिएलसारखे शॉकप बनवणारे कारखाने गाडीच्या कंपन्यांनाही माल देतात. दुकानात नुसतं "वॅगन आरचे मागचे द्या" म्हणू नका. वर्ष, मॉडेल, पेट्रोल की सीएनजी हे सांगा आणि जुना पार्ट सोबत न्या. नागपूर-अमरावतीला जाऊन चुकीचा पार्ट आणणं म्हणजे एक दिवस आणि पेट्रोल दोन्ही वाया. डबीवर पार्ट नंबर, छापील किंमत आणि सील हवं. शॉकप आणि स्प्रिंग नेहमी जोडीने घ्या. एकच बदललात तर गाडी एका बाजूने वेगळी वागते. सोबत नवे बुश (बोल्टच्या जोडातले रबर), बंप स्टॉप (गाडी पूर्ण दबली की ठोकर झेलणारं रबर) आणि स्प्रिंगखालचं रबरही घ्या, कारण ते जुनं निघताना हातात तुकड्यांनी येतं.

आरटीओची भानगड होईल का?

मूळ मापाचा पार्ट टाकला तर ती दुरुस्ती आहे. गाडीची उंची वाढवणं, रचनाच बदलणं हे वेगळं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलापासून गाडी बदलता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अपघात झाला तर विमावालाही तेच पान उघडतो.

काम अंगणात करता येईल का?

अंगण कसलं आहे त्यावर आहे. शेणाने सारवलेली जमीन वरून टणक दिसते, पण खाली आपली काळी माती आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाणी मिळालं की ती फुगून लोण्यासारखी होते. पहिल्या वेळी मी हे काम मृगाच्या पहिल्या पावसानंतर दोन दिवसांनी काढलं. वर सुकलं होतं. जॅकखाली एक फरशीचा तुकडा ठेवला, चाक काढलं, आणि पाना आणायला ओसरीवर गेलो. मागे "खस्‌" असा बारीक आवाज झाला. वळून पाहिलं तर फरशी एका कडेने मातीत गेलेली, जॅक तिरपा, आणि गाडी ब्रेकच्या ड्रमवर बसलेली. मिनिटभर आधी माझा खांदा तिथेच होता. बायकोने काही म्हटलं नाही, फक्त पाण्याचा तांब्या आणून दिला.

तेव्हापासून नियम असा: सिमेंटचा ओटा, ग्रामपंचायतीचा सिमेंट रस्ता किंवा गोदामाची फरशी. तेही नसेल तर कोरड्या दिवसात, प्रत्येक जॅक आणि घोडीखाली (घोडी म्हणजे गाडी टेकवायचा लोखंडी स्टँड) दोन हात लांब बाभळीची जाड फळी. गाडी जॅकवर उभी ठेवून खाली जायचं नाही. घोड्या दोन हव्यातच, तालुक्याला भाड्यानेही मिळतात. विटा, सिमेंटचे ब्लॉक, दगडांची उतरंड यांवर गाडी ठेवू नका. वीट तडकायच्या आधी सांगत नाही. काढलेलं चाक गाडीच्या पोटाखाली आडवं सरकवून ठेवा. सगळं चुकलं तरी गाडी त्याच्यावर बसेल.

मे महिन्यात पहाटे पाचला सुरू करा. नऊनंतर पाना हातात धरवत नाही.

हँडब्रेक ओढून गिअरमध्ये टाकली की पुरे ना?

हाच प्रश्न लोक विचारत नाहीत आणि विचारायला हवा. हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो आणि तीच चाकं तुम्ही उचलताय. वॅगन आर, स्विफ्टसारख्या गाड्या पुढच्या चाकांनी ओढल्या जातात, म्हणून गिअर थोडातरी धरतो. बोलेरो, ऑम्नी, ईको यांना ओढ मागच्या चाकांची. मागचा भाग उचलला की हँडब्रेकही गेला आणि गिअरही गेला. तेव्हा गाडी धरून ठेवतात ते फक्त पुढच्या चाकांना लावलेले ठोकळे. दोन्ही पुढच्या चाकांना, पुढून आणि मागून, असे चार लावा.

स्प्रिंग काढायचा क्रम काय?

वेगळी स्प्रिंग, वेगळा शॉकप असलेल्या गाडीचा सांगतो. चाक जमिनीवर असतानाच त्याचे नट पाव वेढा सैल करा. मग पुस्तिकेत दाखवलेल्या जागी जॅक लावून गाडी उचला, बॉडीच्या मजबूत जागेखाली दोन्हीकडे घोड्या द्या, गाडी हळूच त्यांच्यावर टेकवा आणि हाताने हलवून बघा. हलली तर पुन्हा बसवा. चाकं काढा. आता जॅक एक्सलच्या मधोमध न्या आणि त्याला नुसता आधार द्या.

शॉकपचे खालचे बोल्ट दोन्हीकडचे काढा. इथून पुढे एक्सलला खाली जाण्यापासून फक्त तुमचा जॅक अडवतो. जॅक बोटबोट खाली घेत जा आणि नजर ब्रेकच्या रबरी नळीवर ठेवा. ती ताणली जायला लागली की थांबायचं. गरज पडली तर नळीची क्लिप ब्रॅकेटमधून मोकळी करा. एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असतं, म्हणजे चाकापाशी सेन्सरची वायरही असते. तीही बघा, हँडब्रेकची केबलही बघा. एक्सल या नळ्या-वायरींवर कधीच लटकू देऊ नका.

थोडं खाली आलं की स्प्रिंग सैल होते आणि हाताने बाहेर येते. निघत नसेल तर एक्सल अजून खाली हवा. टॉमीने उचकटायची घाई नको. स्प्रिंग निघाली की तिची बैठक बघा. आमच्या वॅगन आरमध्ये वाटीत दोन मुठी काळा चिखल दगडासारखा वाळलेला होता, आणि त्यात तुरीचा एक दाणा. खरवडून, धुऊन, गंज घासून काळा रंग मारा. नवी स्प्रिंग ठेवताना तिचं टोक बैठकीतल्या पायरीला भिडलं पाहिजे. अर्ध्या इंचाने फिरलेली असली तरी गाडी खाली ठेवल्यावर ती "ठण्ण" करून स्वतःच फिरते, आणि रात्री रस्त्यात ते झालं की काळजाचा ठोका चुकतो.

पहिल्या वेळी अर्धा दिवस धरा.

नट हलतच नाही. गॅसने तापवू का?

पेट्रोलची टाकी बहुतेक गाड्यांत मागच्या सीटखालीच असते, आणि शेजारून ब्रेकचा पाइप जातो. आग नको. आदल्या संध्याकाळी तारेच्या ब्रशने आटे साफ करा, गंज सोडवणारं तेल मारा, सकाळी पुन्हा मारा. सहा कोनांची गोटी (नटावर बसणारं सॉकेट) वापरा, बारा कोनांची नटाचे कान खाते. पान्याला पाइप लावून हिसके देण्यापेक्षा सलग जोर द्या. थोडा सुटला की पुन्हा आवळा, पुन्हा सोडा. तरीही नाही तर नट कापायला वेल्डिंगवाल्याला घरी बोलवा, ग्राइंडरसह, गॅसशिवाय.

नवा शॉकप डबीतून काढून थेट लावायचा?

दुकानात तो आडवा पडलेला असतो, आत तेल आणि हवा मिसळलेली असते. उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा, पूर्ण ओढा. मधला पोकळपणा गेला की लावा. गॅसचा असेल तर त्याचा पट्टा शेवटच्या क्षणी कापा, तो स्वतःहून लांब होतो. वरचा नट फिरवताना दांडा सोबत फिरतो, तेव्हा तो पकडीने धरायचा मोह होतो. धरू नका. चकचकीत दांड्यावर एक ओरखडा आला की तो रोज सील कापत राहतो आणि दोन महिन्यांत तेल गळतं. दांड्याच्या टोकाला पाना बसेल अशी जागा असते, तिथे धरा.

बोल्ट गाडी उचललेली असतानाच आवळून टाकले तर?

घरी होणारी सगळ्यात महागाची चूक हीच, आणि गॅरेजमध्येही सर्रास होते. बुशचं रबर आतल्या आणि बाहेरच्या लोखंडी नळीला चिकटवलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली नळी जागेवर जखडते. त्यानंतर एक्सल वरखाली होतो तो रबर पिळून. चाक लटकलेलं असताना आवळलं तर गाडी खाली ठेवताच रबराला पीळ बसतो, आणि तो पीळ कायमचा. गाडी थोडी उंच आणि ताठ वाटते, मालक खूश होतो, आणि बुश लवकरच फाटतो.

म्हणून बुशमधून जाणारे सगळे बोल्ट आधी हातानेच घट्ट करा. मग एक्सलखालचा जॅक वर घ्या. बॉडी घोडीवरून केसभर सुटली की गाडीचं वजन स्प्रिंगवर आलं. त्या स्थितीत पक्के आवळा. सुरुवातीला लिहून ठेवलेलं माप इथे उपयोगी पडतं.

टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा) नाही. अंदाजाने आवळू?

कापूस मोजायचा ताणकाटा आहे ना घरात? मारुतीच्या बऱ्याच लहान गाड्यांना चाकाच्या नटाचा टॉर्क ८५ न्यूटन मीटर सांगितलेला असतो, तुमच्या पुस्तिकेत बघून घ्या. नटाच्या मध्यापासून पान्यावर बरोबर अर्धा मीटर मोजा, खूण करा, तिथे ताणकाट्याचा आकडा अडकवा आणि पान्याशी काटकोनात ओढा. काटा सव्वासतरा किलो दाखवेल तेव्हा ८५ झाले. वेगळा टॉर्क असेल तर त्याला ४.९ ने भागा, येईल तेवढे किलो. वेचणीच्या बायांनी हा प्रयोग पाहिला आणि "काय दादा, गाडीचाही कापूस निंघते का?" म्हणून दिवसभर हसल्या.

बोलेरोला एक पाटा वाढवायचा आहे.

होतं, पण जड काम आहे, दोन माणसं हवीत. चॅसी घोडीवर, एक्सल जॅकवर, मग यू बोल्ट सोडायचे. यू बोल्ट नवेच घ्या, एकदा ताणलेले पुन्हा नीट धरत नाहीत. सेंटर बोल्टचं डोकं एक्सलवरच्या भोकात बसलं आहे हे डोळ्यांनी बघा. नाही बसलं तर एक्सल तिरका होतो आणि गाडी कुत्र्यासारखी आडवी पळते. चारही नट आलटून पालटून, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. शंभर-दोनशे किलोमीटर चालली की पुन्हा एकदा.

लोहाराकडून जुन्या पाट्यांना कमान चढवून घेणं स्वस्त पडतं, पण भट्टीत तापल्यावर पोलादाचं पाणी जातं. जवाईबुवांनी केलं होतं. दिवाळीला चढवलेली कमान होळीपर्यंत सपाट.

गाडीची उंची वाढवल्याने ब्रेकवर काही परिणाम?

काही गाड्यांत, विशेषतः ओझ्याच्या, मागच्या एक्सलपासून एक सळी बॉडीवरच्या ब्रेकच्या व्हॉल्व्हपर्यंत जाते. मागचा भाग खाली गेला की व्हॉल्व्ह समजतो ओझं आहे, आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. तुम्ही कडक पाटा टाकून गाडी वर ठेवली की भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते, आणि मागचा ब्रेक कमी लागतो. अशी सळी असेल तर पुस्तिकेप्रमाणे ती नव्याने लावून घ्या, तोवर ओझं नको.

काहून बा, सगळं नवं टाकूनही मागून खडखड आवाज येते?

वरचा नट सैल, वायसर-रबर उलटसुलट लागलेले, किंवा स्प्रिंगचं टोक पायरीवर नाही. या तिन्ही गोष्टी बघा. पण त्याआधी डिकी बघा. मी एकदा दोन्ही शॉकप पुन्हा उघडले, पुन्हा बसवले, आणि तिसऱ्या दिवशी कळलं की खडखड त्याच कामाला वापरलेल्या जॅकची आहे. परत ठेवताना त्याचा स्क्रू आवळला नव्हता.

नंतर अलाइनमेंट लागेलच का?

मागचा सरळ एक्सल अलाइन करायची सोय नसते. पण उंची बदलली असेल तर पुढची चाकं तपासून घ्या. जुन्या वॅगन आरसारख्या गाड्यांना मागे एक आडवा रॉड असतो, त्यामुळे उंची बदलली की एक्सल किंचित एका बाजूला सरकतो. दोन्ही चाकांपासून मडगार्डपर्यंतचं अंतर मोजून बघा. मागून गाडी वर आली की हेडलाइट खाली पडतात, तेही लावून घ्या.

पांदण रस्त्यासाठी कडक केलेली गाडी पहिल्याच आठवड्यात समृद्धी महामार्गावर नेऊ नका. तिथे कारला १२० ची मुभा आहे, आणि रिकामी कडक गाडी त्या वेगाला पुलाच्या सांध्यावर मागून उडते. आधी गावाच्या रस्त्यावर चाळीसने, मग साठने, वाकवून, ब्रेक मारून बघा. घरी आलं की प्रत्येक नटाला पुन्हा पाना लावा.

जुन्या मालाचं काय करायचं?

शॉकप कापू नका, आत दाब असतो. भंगारात तसाच द्या. गोल स्प्रिंगही भंगारवाला वजनावर नेतो. पाटा मात्र देऊ नका. आमचा लोहार त्यापासून वखराची पाती आणि विळे करतो, आणि बाजारातल्या विळ्याला धार लावून लावून तो झिजतो तोवर हा दुसऱ्या सोंगणीला तसाच असतो.